आतून ठोकलेल्या फळ्या

मिस्त्रीने एकदा ‘नाही’ म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ. लग्नानंतर सुरुवातीला त्याच्या बायकोने, काकूने, ती पुसून पाहिली होती, मग नाद सोडला. तिला स्वयंपाकघराला समुद्राकडे उघडणारी मोठी खिडकी हवी होती; खाऱ्या हवेने बिजागऱ्या सडतात, म्हणून ती झाली नाही. पलंग भिंतीला लावून हवा होता. भिंतीला ओल असते, लाकूड फुगतं, म्हणून तो आयुष्यभर खोलीच्या मधोमध राहिला आणि येणाराजाणारा त्याच्या कोपऱ्यावर गुडघा आपटत राहिला. आमच्याकडे माणसांपेक्षा लाकडाच्या तब्येतीची काळजी जास्त, असं ती शेजारणींना सांगायची. हसून सांगायची, पण सांगायची.

मुलगा मात्र हुशार निघाला. त्याने बापाला काही विचारलंच नाही. सुताराच्या पोराने रंधा मारावा हे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि एक दिवस बस चालवायचं लायसन्स आणून टेबलावर ठेवलं. जन्मला तेव्हा तळहाताएवढा होता म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणायचे. आता त्याच्या पोटाला स्टिअरिंग टेकायचं, तरी तो बारक्याच. लग्न झालं, पुलापलीकडे बिऱ्हाड थाटलं, पण आईबापाच्या मागच्या दाराची किल्ली त्याच्या बसच्या किल्लीसोबत एकाच कडीत असायची.

गल्लीतली निम्मी घरं मिस्त्रीच्या हातची होती. समुद्र इतका जवळ की दर काही वर्षांनी वादळ ठरलेलं, आणि वादळाआधी खिडक्यांना फळ्या मारायचं काम मिस्त्रीचं. त्याचा एक नियम होता आणि तो गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. घर सोडून जाणार असाल तर फळ्या बाहेरून, घरात राहणार असाल तर आतून. म्हणजे आतल्या माणसाला वेळ आली तर आपल्या हाताने खिळे उपसून बाहेर पडता येतं. आतून मारलेल्या फळीचा खिळा बाहेरून दिसत नाही. वादळ येऊन गेल्यावर शोधाशोध करणारी माणसं गल्लीतून जाताना फळ्यांकडेच बघायची. खिळ्यांची डोकी दिसली की घर रिकामं, पुढे चला. कोरी फळी दिसली की आत कुणीतरी आहे, दार वाजवा. नियमाचा दुसरा भाग असा, की राहणाऱ्याच्या घरी खिडकीशेजारच्या खुंटीला हातोडा टांगलेला असायलाच हवा, खिळे उपसायच्या नख्यांचा. तो मिस्त्री स्वतः तपासून घ्यायचा. फळ्या मारल्या आणि हातोडा कुठे ठेवला ते विसरला, असा मूर्ख माझ्या गल्लीत नको, म्हणायचा.

यावेळचं वादळ मोठं होतं. सकाळपासून भोंग्याची गाडी फिरत होती. समुद्राजवळच्या सर्वांनी घरं रिकामी करावीत, टेकडीवरच्या शाळेत राहण्याची सोय केली आहे, तेच ते, तोच आवाज. माणसं कधी नव्हे ती ऐकत होती. मिस्त्री खांद्यावर पिशवी टाकून या घरातून त्या घरात फळ्या मारत फिरला, सगळीकडे बाहेरून. शिंप्याच्या, पोस्टमनच्या, शाळेतल्या बाईंच्या. काकूने तोवर दोघांचे कपडे, औषधं आणि तिचा जास्तीचा चष्मा एका पिशवीत भरून ठेवला. सगळे जातायत म्हणजे आपणही जाणार, असं ती धरून चालली होती. अशा गोष्टी तिला सांगायची मिस्त्रीला सवय नव्हती आणि विचारायची तिला.

दुपारी तो घरी आला, पडवीतल्या फळ्या काखेत मारल्या आणि घरात शिरला. आत. तेवढ्यावरून तिला कळलं.

“अहो, आतून?” ती म्हणाली.

“मग?”

“सगळी गल्ली चाललीय.”

“जाऊ दे. त्यांची घरं मी त्यांच्या ऐपतीप्रमाणे बांधली. हे मी माझ्या मनाप्रमाणे बांधलंय.” त्याने पहिली फळी चौकटीच्या खाचेत बसवली. “याचा एक पत्रा हलणार नाही. बघ तू.”

काकू बघत राहिली. एकेक खिडकी बंद होत गेली आणि भरदुपारी घरात अंधार झाला. त्याने दिवा लावला, हातोडा खुंटीला टांगला आणि चहा मागितला.

बारक्या आला तेव्हा चहा गाळून होत होता. त्याची बस गल्लीच्या तोंडाशी उभी होती, माणसांनी आणि बोचक्यांनी गच्च भरलेली. ओल्या अंगाने तो दारात उभा राहिला, फळ्यांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“बाबा, चला.”

“नाही.”

“पाणी येणारेय, बाबा. वाऱ्याचं सोडा, वाऱ्याला तुमचं घर दाद देणार नाही, मान्य. पाण्याचं काय करणार?”

“पाणी उंबरठ्यापर्यंत येतं आणि जातं. मी बघितलंय.”

“हे तसलं नाहीये.”

“तू मला समुद्र शिकवू नकोस. तू बस चालव.”

बारक्याने आईकडे वळून पाहिलं. “आई, तू तरी चल.”

काकूने नवऱ्याकडे पाहिलं. तो चहा फुंकत होता. “यांना एकट्याला सोडून कशी येऊ?” ती म्हणाली. आणि हे खरंच होतं. आयुष्यभर तिला त्याचा राग आला होता आणि आयुष्यभर त्याला एकट्याला सोडणं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

बाहेरून बसमधली माणसं हाका मारायला लागली. बारक्या जायला निघाला. दारातून मागे वळून म्हणाला, “शेवटची फेरी झाली की मी येतो. उचलून नेईन यांना. लाकडासारखं खांद्यावर टाकून नेईन.”

“येऊच नकोस,” मिस्त्री म्हणाला. “आलास तरी दार उघडणार नाही. बडवत बस.”

“किल्ली आहे माझ्याकडे,” बारक्या म्हणाला आणि हसला. बाप-लेकांचं भांडण नेहमी असंच संपायचं, शेवटचा शब्द पोराचा आणि मुद्दा बापाचा.

त्यानंतर गल्ली रिकामी झाली. मिस्त्रीने पुढच्या दारालाही आतून आडव्या फळ्या ठोकल्या; उघडं राहिलं ते फक्त मागचं दार. मोबाइलची रेंज गेली, मग वीज गेली. काकू अंधारात मधोमध असलेल्या पलंगावर बसली. फळ्यांपलीकडे वारा वाढत होता. घर खरंच हलत नव्हतं, पण ती हलत होती. मिस्त्री शेजारी स्वस्थ बसून कुठला सांधा आवाज करतो ते कान देऊन ऐकत होता. त्याच्या तोंडावर जवळजवळ आनंद होता. तो बघून तिच्या आत काहीतरी तुटलं. म्हणजे इतकी वर्षं मी याच्या घरात राहिले आणि आता याच्या घरात मरायचं, तेही घर किती चांगलं बांधलंय हे सिद्ध व्हावं म्हणून, असं तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. ती उठली, पिशवी उचलली.

“मी चालले,” ती म्हणाली.

“कुठे?”

“शाळेत. चालत.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“हो, फिरलंय. तुम्ही बसा. तुमचं घर सांभाळा.”

तिने मागचं दार ढकललं. वाऱ्याने दार आत लोटलं जाऊ नये म्हणून मिस्त्रीने ते बाहेर उघडणारं केलं होतं, त्यामुळे तिला सगळं अंग लावावं लागलं. अंगणात रचलेल्या लाकडांशेजारून ती भर पावसात रस्त्याकडे निघाली. डोक्यावरचा पदर उडाला, चष्म्यावर पाणी आलं, समोरचं दिसेना. थोडं अंतर गेल्यावर मागे हाक आली. मिस्त्री पिशवी खांद्याला लावून पावसात येत होता.

“थांब,” तो ओरडला. “थांब गं. येतो.”

काकू थांबली. खरं सांगायचं तर त्या वादळात, त्या भिजलेल्या अवस्थेत, तिला इतका आनंद झाला की रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिचं ऐकलं होतं. त्याच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून हातोड्याचा दांडा बाहेर आलेला होता. तिने तो पाहिला. सुतार हत्यारं मागे टाकत नाही, हे तिला माहीतच होतं. घर सोडताना त्याचा हात आपोआप खुंटीकडे गेला असणार, दार त्याने आपोआप ओढून घेतलं असणार आणि ते आपोआप बंद झालं असणार. यात तिला काहीच वावगं दिसलं नाही. तिचं लक्ष तिच्या जिंकण्याकडे होतं.

वरच्या रस्त्याला पाववाल्याची गाडी मिळाली. तोही आपलं बिऱ्हाड घेऊन शाळेकडेच निघाला होता. “मिस्त्री, तुम्ही?” तो डोळे विस्फारून म्हणाला. “तुम्ही तर हलणार नव्हता ना?” पावाच्या रिकाम्या ट्रेवर दोघं अंग चोरून बसले.

“बारक्याला कळायला हवं हो,” काकू म्हणाली.

“तो तिथेच माणसं उतरवतोय ना? भेटेल,” मिस्त्री म्हणाला, आणि ते पटण्यासारखं होतं. पाववाल्याने पुलावरून जाणारा खालचा रस्ता सोडून टेकडीला वळसा घालणारा वरचा रस्ता धरला, कारण खालच्या रस्त्यावर पाणी चढायला लागलं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या कपड्यांचा, घामाचा, रडणाऱ्या पोरांचा वास आणि आवाज एकत्र झाला होता. गल्लीतली माणसं मिस्त्रीला बघून टाळ्या वाजवायच्या बेतात आली. शिंपी म्हणाला, “काकू, जिंकलात तुम्ही! याला हलवलंत!” तिने मान खाली घातली. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मग गर्दीतून सून आली. तिच्या हातात बारक्याचा कोरडा शर्ट होता, तो आल्यावर बदलायला काढून ठेवलेला. ती दोघांच्या समोर उभी राहिली आणि एकदा सासूकडे, एकदा सासऱ्याकडे बघत राहिली. मग दोघांच्या मागे बघितलं.

“हे कुठेयत?” तिने विचारलं.

“कोण?”

“हे. तुम्हाला आणायला गेलेत ना. सगळे नको म्हणत होते, पूल बंद करतायत म्हणत होते, तरी रिकामी बस घेऊन गेले. तुम्ही त्यांच्याबरोबर नाही आलात?”

काकू म्हणाली, “अगं, आम्ही दिसलो नाही की येईल परत. घर रिकामं आहे हे दिसेल ना त्याला.”

मिस्त्रीने खांद्यावरची पिशवी हळूच खाली ठेवली. मग त्यातून हातोडा काढला आणि सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवला. त्याच्याकडे बघत तो उभा राहिला.

“फळ्या आतून आहेत,” तो म्हणाला.

सुनेला कळायला क्षण लागला. काकूला लागला नाही. तिला सगळं एकदम दिसलं. बारक्या घरासमोर उभा आहे, फळ्या कोऱ्या आहेत, बापाचा नियम पाठ आहे. तो हाका मारतोय आणि आतून उत्तर नाही. आलास तरी दार उघडणार नाही, असं बाप म्हणालाच होता. तो हसेल, शिवी देईल आणि मागच्या दाराकडे जाईल. किल्ली आहे त्याच्याकडे.

मिस्त्री दाराकडे धावला. या वयात माणूस धावतो तसा, धडपडत, लोकांच्या अंथरुणांवरून. दाराशी पोलीस होता. त्याने अडवलं. मिस्त्रीने हात जोडले, मग त्याची कॉलर धरली, मग त्याच्या पायांवर पडला. ज्या माणसाने कधी कुणापुढे मान वाकवली नव्हती, तो ओल्या फरशीवर पालथा पडून म्हणत होता, “मला हातोडा घेऊन जाऊ द्या. फक्त हातोडा देऊन येतो.” चार माणसांनी त्याला धरून आणलं. पूल वाहून गेला होता आणि वरचा रस्ता झाडं पडून बंद झाला होता.

वादळ ओसरल्यावर ते होडीतून गल्लीत गेले. शिंप्याच्या घराचं छप्पर नव्हतं. पोस्टमनची एक भिंत नव्हती. शाळेतल्या बाईंचं घर कुठे होतं ते शोधावं लागलं. मिस्त्रीचं घर जसंच्या तसं होतं. एक पत्रा हलला नव्हता, एक फळी सुटली नव्हती. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर वाऱ्याने छप्पर उचललं असतं आणि आतला माणूस वरून तरी निघाला असता.

मागच्या अंगणातलं सगळं लाकूड पाण्यावर तरंगत आलं होतं आणि दाराला चिकटून, एकात एक अडकून बसलं होतं. ते दार बाहेर उघडणारं होतं. लाकूड बाजूला करायला माणसांना बराच वेळ लागला.

बारक्या स्वयंपाकघरात सापडला, छोट्या खिडकीखाली. त्याच्या हाताशी उलथणं होतं, दांडा वाकलेलं. फळीवर उलथण्याचे ओरखडे होते आणि एक खिळा अर्धा वर आला होता. मिस्त्रीने ठोकलेला खिळा उलथण्याने तेवढाच वर येतो. खिडकीशेजारच्या खुंटीला काही नव्हतं. ओल्या भिंतीवर त्या खुंटीभोवती हातांचे ठसे होते, अंधारात चाचपडल्यासारखे. काकूने ते पाहिले आणि नंतर कुणालाही ती भिंत पुसू दिली नाही.

माणसं बोलायला यायची आणि बोलायचीच. काही म्हणाली, दोघं घरातच थांबले असते तर पोरगा आला तेव्हा दार उघडलं असतं, तिघंही बसमधून वेळेत निघाले असते. काही म्हणाली, तिघंही बुडाले असते. काकू दोन्ही ऐकायची. तिला एकच गोष्ट ऐकायची होती आणि ती मिस्त्री बोलत नव्हता. तुझं ऐकलं म्हणून, असं त्याने एकदा म्हणावं, ताट फेकावं, अंगावर धावून यावं, यासाठी ती वाट बघत असायची. तो काहीच म्हणायचा नाही. जेवायचा, अंगणात बसायचा, खुंटीवरचा हातोडा काढून पुसायचा आणि परत खुंटीला अडकवायचा. रंध्याला त्याने परत हात लावला नाही. सून तिच्या भावाकडे गेली. जाताना सासूच्या गळ्यात पडून रडली, सासऱ्याच्या पाया पडली, आणि तिकडून फोन करते म्हणाली. सुरुवातीला करत होती.

एका रात्री काकूनेच विषय काढला. “मी बाहेर पडायला नको होतं,” ती म्हणाली.

मिस्त्री म्हणाला, “दाराची किल्ली मीच दिली होती त्याला.” आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपला. पलंग आता भिंतीला लावलेला होता. कधी लावला, कुणी लावला, यावर त्यांचं काही बोलणं झालं नव्हतं.

पुढे परत मोसम आला आणि परत भोंग्याची गाडी फिरायला लागली. समुद्राजवळच्या सर्वांनी घरं रिकामी करावीत. गल्लीत जी काही थोडी माणसं परत राहायला आली होती त्यांनी बोचकी बांधली. त्यांच्या खिडक्या आता पलीकडचा कुणी तरुण सुतार येऊन बंद करून गेला. काकूने या वेळी पिशवी भरली नाही. ती पलंगावर बसून राहिली.

दुपारी मिस्त्रीने पडवीतल्या फळ्या काढल्या. त्याच त्या, अजून चांगल्या होत्या, लाकूड उत्तम होतं. एकीवर ओरखडे होते. त्या काखेत घेऊन तो दारापर्यंत आला आणि उंबरठ्यावर थांबला, एक पाय आत, एक बाहेर. तसाच उभा राहिला. शेवटी काकूने मान वर केली. तो तिच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा चुकलेल्या मुलासारखा झाला होता.

“आतून ठोकू की बाहेरून?” त्याने विचारलं.

एवढ्या संसारात त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. पडद्याचा रंगसुद्धा नाही. हा प्रश्न ऐकायला ती किती वर्षं थांबली होती, आणि तो ऐकल्यावर काय वाटेल याचीही तिने कधीकाळी कल्पना केली होती. आता तिला फक्त तो माणूस थकलेला दिसला, आणि त्याची दया आली, आणि स्वतःचीही.

“ठोकूच नका,” ती म्हणाली. “दारपण उघडं असू दे.”

मिस्त्रीने फळ्या खाली ठेवल्या आणि येऊन तिच्या शेजारी बसला. वाऱ्याने पुढचं दार भिंतीवर आपटायला लागलं, तरी कुणी उठलं नाही. भोंग्याची गाडी गल्लीत वळली आणि त्यांच्यासमोर थांबली. गाडीतल्या पोराने उघड्या दारातून आत डोकावून विचारलं, “आजोबा, येताय की राहताय?”

दोघंही एकमेकांच्या उत्तराची वाट बघत राहिले. पोराने थोडा वेळ वाट पाहिली, मग गाडी पुढे गेली.